दुपारी तीनला जे ठरलं : बुलढाणा लोकसभा २०२४ चा घटनाक्रम

४ जून २०२४ रोजी विदर्भातल्या दहा लोकसभा जागांपैकी सात महाविकास आघाडीने जिंकल्या. रामटेक, भंडारा-गोंदिया, गडचिरोली-चिमूर, चंद्रपूर, वर्धा, यवतमाळ-वाशीम, अमरावती. वारं कुठल्या दिशेने वाहतंय हे इतकं उघड असताना बुलढाण्याची जागा मात्र २९ हजार ४७९ मतांनी गेली.

हा निकाल मतमोजणीच्या दिवशी लागला असं कागदोपत्री म्हणता येईल. माझ्या मते तो ८ एप्रिलला दुपारी तीन वाजताच लागला होता आणि पुढचे ५७ दिवस नुसता उलगडत गेला. मी याला पडझड म्हणतो ती एखाद्या पक्षाची बाजू घेऊन नव्हे. सोयाबीन आणि कापसाच्या भावावरून दोन-तीन वर्षं पेटलेल्या जिल्ह्याचा संताप मतपेटीपर्यंत पोचला आणि तिथे त्याचे तुकडे झाले, याचं मला दुःख आहे. म्हणून तास-तास मागे जाऊन हे लिहितो आहे.

त्याआधीची पाच वर्षं

घड्याळ सुरू करण्याआधी एक जुना आकडा सांगायला हवा. २०१९ मध्ये शिवसेनेचे प्रतापराव जाधव इथून ५ लाख २१ हजार ९७७ मतं घेऊन निवडून आले. राष्ट्रवादीचे डॉ. राजेंद्र शिंगणे १ लाख ३३ हजार २८७ मतांनी मागे राहिले आणि वंचित बहुजन आघाडीच्या बळीराम सिरस्कारांना १ लाख ७२ हजार ६२७ मतं पडली. तिसऱ्या उमेदवाराची मतं विजयी फरकापेक्षा जास्त होती. पाच वर्षांनी काय होणार याची सूचना त्या तक्त्यात लिहिलेली होती. ती वाचायची तसदी ज्यांनी घ्यायला हवी होती, त्यांनी घेतली नाही.

मधल्या काळात दोन गोष्टी घडल्या. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जाधव एकनाथ शिंदेंबरोबर गेले आणि १९९६ पासून, १९९८ चा अपवाद सोडला तर, धनुष्यबाणाला मत देत आलेल्या या मतदारसंघात एका घराची दोन घरं झाली. दुसरी गोष्ट रस्त्यावर घडली. स्वाभिमानी शेतकरी संघटनेचे रविकांत तुपकर सोयाबीन-कापसाचा प्रश्न घेऊन गावोगाव फिरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये बुलढाण्यात एल्गार मोर्चा निघाला, मग मुंबईत अरबी समुद्रात जलसमाधी घेण्याचा इशारा दिला गेला. ११ फेब्रुवारी २०२३ ला तुपकर पोलिसाच्या वेशात जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आले आणि त्यांनी अंगावर ज्वलनशील पदार्थ ओतून घेतला. लाठीमार झाला, अटक झाली, अकोल्याच्या तुरुंगात रवानगी झाली. त्या दिवसापासून तुपकर हे नाव घाटावर आणि घाटाखाली दोन्हीकडे घराघरांत पोचलं.

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, बुलढाणा जिल्ह्याचे असे दोन भाग आहेत. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर बुलढाणा, चिखली, मेहकर, सिंदखेड राजा. खाली पूर्णेच्या खोऱ्यात खामगाव आणि जळगाव जामोद, जिथल्या खारपाणपट्ट्यात विहिरीला पाणी असूनही ते तोंडात धरवत नाही. या सहा विधानसभा मतदारसंघांची मिळून ही लोकसभेची जागा होते. जिल्ह्यातलंच मलकापूर मात्र रावेरला जोडलेलं आहे. घाटावर सोयाबीन, घाटाखाली पऱ्हाटी, आणि २०२४ च्या उन्हाळ्यात सोयाबीनचे भाव ४ हजार ६०० रुपयांच्या हमीभावाच्याही खाली होते.

२७ आणि २८ मार्च

२७ मार्चला उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेने आपली पहिली यादी जाहीर केली. त्यात बुलढाण्यासाठी प्रा. नरेंद्र खेडेकरांचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी शिंदेंच्या शिवसेनेची यादी आली, त्यात प्रतापराव जाधव. त्याच २८ मार्चला, अर्ज भरण्याच्या पहिल्याच दिवशी, बुलढाण्याचे शिंदे गटाचेच आमदार संजय गायकवाड यांनी लोकसभेचा अर्ज भरून टाकला. आपल्याच पक्षाच्या खासदारासमोर आपलाच आमदार! भाजपचे माजी आमदार विजयराज शिंदे यांनीही अर्ज भरला.

त्या आठवड्यात कुणी विचारलं असतं की घर कुणाचं फुटलं आहे, तर उत्तर महायुती असं मिळालं असतं. हे नीट लक्षात ठेवावं, कारण पुढच्या अकरा दिवसांत चित्र उलटं झालं.

८ एप्रिल, सकाळी ११ ते दुपारी ३

उमेदवारी मागे घ्यायची वेळ कायद्याने ठरलेली आहे. शेवटच्या दिवशी दुपारी तीन. त्यानंतर उमेदवाराला पश्चात्ताप झाला, पाठिंबा जाहीर करावासा वाटला, तरी यंत्रावरचं त्याचं नाव आणि चिन्ह हटत नाही. आपल्याकडे निवडणूक म्हटली की सभा, रॅली आणि मतदानाचा दिवस आठवतो. हे दुपारचे तीन वाजणं कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही, आणि मला तर पूर्ण निवडणुकीतला सर्वात महत्त्वाचा क्षण तोच वाटतो.

महायुतीने त्या तीनच्या आत आपलं घर सावरलं. मुदत संपली तेव्हा गायकवाडांचा अर्ज मागे आलेला होता, विजयराज शिंदेंचाही. त्यांची कशी समजूत घातली गेली, काय शब्द दिले गेले, हा वेगळा विषय. पण कुणीतरी बसलं, बोललं, फोन केले, आणि वेळेत काम केलं.

समोरच्या बाजूला असं काहीच झालं नाही. खेडेकर मशाल घेऊन उभे, तुपकर अपक्ष म्हणून उभे, वंचितचे वसंतराव मगर उभे. तीन वाजले आणि रिंगणात २१ उमेदवार राहिले. एका यंत्रावर नोटासकट सोळाच बटणं मावतात, म्हणून प्रत्येक केंद्रावर दोन-दोन यंत्रं लावावी लागणार हे त्याच वेळी ठरलं.

तुपकरांना उभं राहण्याचा पूर्ण हक्क होता, आणि ज्याने तुरुंगवास भोगला त्याला दुसऱ्यासाठी थांब म्हणणं सोपं नव्हतं. खेडेकरांच्या पक्षाचाही दावा खोटा नव्हता, कारण ही जागा वर्षानुवर्षं त्यांच्या पक्षाने जिंकलेली होती. दोघांची बाजू समजून घेऊनही मी हेच म्हणेन की दोघांपैकी कुणीतरी, किंवा दोघांच्या वरच्या कुणीतरी, त्या अकरा दिवसांत एका खोलीत बसून तोडगा काढायला हवा होता. शेतकऱ्याचा भाव हा दोघांच्याही भाषणाचा पहिला मुद्दा असेल, तर त्या मुद्द्यासाठी एकाने माघार घेणं ही अशक्य मागणी नाही.

२४ एप्रिल, संध्याकाळी ६

मतदान संपण्याच्या ४८ तास आधी जाहीर प्रचार थांबतो, तसा तो थांबला. या टप्प्यावर ताकदीचा ताळेबंद पाहा. सहाही आमदार महायुतीचे : खामगावला आकाश फुंडकर, जळगाव जामोदला संजय कुटे, चिखलीला श्वेता महाले हे भाजपचे, बुलढाण्याला गायकवाड आणि मेहकरला संजय रायमूलकर शिंदेंच्या शिवसेनेचे, सिंदखेड राजाला शिंगणे, तेव्हा अजित पवारांबरोबर. खासदार तीन वेळचे, त्याआधी मेहकरचे तीन वेळचे आमदार. एवढी यंत्रणा एका उमेदवाराच्या मागे उभी होती. तिच्यासमोर उभं राहायचं तर विरोधातलं एकेक मत एकत्र लागणार होतं.

एकत्र यायला मुद्देही कमी नव्हते. खामगाव-जालना रेल्वेमार्ग, जिगाव सिंचन प्रकल्प, खारपाणपट्ट्यातलं पिण्याचं पाणी हे या जिल्ह्याचे पिढ्यान्‌पिढ्यांचे प्रश्न. त्यातल्या रेल्वेची मागणी तर इंग्रजांच्या काळापासूनची आहे.

२६ एप्रिल, पहाटे साडेपाच

मतदान सात वाजता सुरू होणार, त्याच्या दीड तास आधी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घेतात. यंत्र बरोबर चालतं का ते पाहतात, ती मतं पुसतात, यंत्र सील करतात. मतदारसंघात दोन हजारांच्या आसपास केंद्रं. जिल्हा परिषदेच्या शाळा, अंगणवाड्या, सातपुड्याच्या पायथ्याची आदिवासी गावं. आदल्या दिवशी साहित्य घेऊन निघालेल्या कर्मचाऱ्यांनी रात्र तिथेच काढलेली असते. या लोकांविषयी कुणी फारसं लिहीत नाही. निवडणूक पार पडते ती त्यांच्या जिवावर.

सकाळी ९

६.६१ टक्के. मतदार सुमारे १७ लाख ८२ हजार, म्हणजे पहिल्या दोन तासांत सव्वा लाखाच्या आतच लोक आले. शेजारच्या परभणीत त्याच वेळी ९.७२ टक्के झालं होतं.

सकाळी ११

१७.९२ टक्के.

दुपारी १

२९.०७ टक्के. त्या दिवशी महाराष्ट्रात आठ जागांवर मतदान होतं : बुलढाणा, अकोला, अमरावती, वर्धा, यवतमाळ-वाशीम, हिंगोली, नांदेड, परभणी. दुपारी एक वाजता आठांत सर्वात मागे बुलढाणा होतं. एप्रिलअखेरचं वैदर्भीय ऊन, घाटाखाली तर बाराच्या पुढे बाहेर पाऊल टाकवत नाही, हे कारण खरंच. पण ऊन अकोल्यातही तेवढंच होतं आणि तिथला आकडा ३२.२५ होता. ज्या जिल्ह्यात शेतकऱ्यांचे मोर्चे एवढे मोठे निघाले, तिथे मतदान सर्वात संथ का असावं? माझा अंदाज असा की दोन विरोधकांत कुणाला द्यायचं याचा निर्णय न झालेले बरेच जण घरी थांबले होते. अंदाजच आहे, पण दिवस मावळताना जे झालं ते याच्याशी जुळतं.

दुपारी ३ आणि ५

तीनला ४१.६६, पाचला ५२.२४. आता सव्वानऊ लाखांच्या वर मतदान झालं होतं.

संध्याकाळी ६

सहाला दार बंद होतं, पण रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन मत देऊ देतात. अंतिम टक्केवारी आली ६२.०३. पाचनंतरच्या हिशेबात जवळपास दहा टक्क्यांची भर पडली, म्हणजे पावणेदोन लाखांच्या आसपास मतं. जिंकणाऱ्या-हरणाऱ्यांतला फरक पुढे निघाला त्याच्या सहापट मतं या शेवटच्या पट्ट्यात आहेत. आणि जे आलेच नाहीत ते पावणेसात लाख. पुढे कुठल्याही उमेदवाराला मिळाली त्याच्या जवळजवळ दुप्पट माणसं घरी होती.

यंत्रं सील झाली, बंदोबस्तात ठेवली गेली. मग ३९ दिवस वाट पाहणं. सात टप्प्यांच्या निवडणुकीत दुसऱ्या टप्प्यातल्या मतदाराने सव्वा महिना निकालाविना काढायचा, हे मला कधीच पटलेलं नाही.

७ मे, सांगली

या ३९ दिवसांत तिसऱ्या टप्प्यात सांगलीत मतदान झालं. त्याचा इथे संबंध आहे. तिथेही आघाडीचा अधिकृत उमेदवार ठाकरेंच्या शिवसेनेचा, चंद्रहार पाटील, आणि अपक्ष विशाल पाटील. पेच तोच होता. फरक एवढाच की सांगलीच्या मतदाराने नेत्यांनी न घेतलेला निर्णय स्वतः घेतला, एकाच बाजूला कल दिला, आणि विशाल पाटील लाखभर मतांनी निवडून आले. त्याच दिवशी हातकणंगल्यात उलट झालं. स्वाभिमानीचे नेते राजू शेट्टी स्वतंत्र लढले, त्यांना पावणेदोन लाखांच्या वर मतं पडली, ते तिसरे आले, आणि महायुतीचे धैर्यशील माने जवळपास साडेतेरा हजारांनी जिंकले. बुलढाणा कोणत्या वाटेने गेलं आहे हे तेव्हा यंत्रांत बंद होतं.

४ जून, सकाळी ८

टपाली मतांची मोजणी सुरू. साडेआठला यंत्रं उघडली. सहा विधानसभा मतदारसंघांची मोजणी वेगवेगळी चालते, फेऱ्या होत जातात, आणि शेवटी प्रत्येक विधानसभेतल्या पाच केंद्रांच्या, म्हणजे एकूण तीस केंद्रांच्या, व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या यंत्राशी ताडून पाहतात.

दुपारपर्यंत राज्यभर आघाडीच्या बाजूने बातम्या येत होत्या. अमरावती, वर्धा, यवतमाळ, हिंगोली, नांदेड, परभणी. २६ एप्रिलच्या आठांपैकी सहा. महायुतीकडे राहिले अकोला आणि बुलढाणा हे दोनच, एकमेकांना लागून असलेले. अकोल्यात प्रकाश आंबेडकर पावणेतीन लाखांच्या वर मतं घेऊन तिसरे, आणि अनुप धोत्रे ४० हजार ६२६ मतांनी विजयी. बुलढाण्यात तुपकर अडीच लाखांना टेकून तिसरे. आठ मतदारसंघांत जिथे तिसऱ्याने अडीच लाखांच्या घरात मजल मारली, नेमक्या त्या दोनच जागा आघाडीच्या हातून गेल्या. याला योगायोग म्हणायला माझं मन धजत नाही.

४ जून, संध्याकाळ

प्रतापराव जाधव ३,४९,८६७. नरेंद्र खेडेकर ३,२०,३८८. रविकांत तुपकर २,४९,९६३. वसंतराव मगर ९८,४४१.

हे चार आकडे सावकाश वाचावेत. जाधवांना २०१९ मध्ये सव्वापाच लाखांच्या जवळ मतं होती. त्यांची पावणेदोन लाख मतं पाच वर्षांत गेली. या मतदारसंघाने आपल्या खासदाराला स्पष्ट शब्दांत नाराजी कळवली, एवढी मोठी घसरण सहसा पराभवातच संपते. तरीही ते चौथ्यांदा निवडून आले, कारण पडलेल्या मतांपैकी सुमारे ३२ टक्के त्यांच्याकडे होती आणि उरलेली ६८ टक्के विखुरली होती. कायद्याने हा विजय पूर्ण स्वच्छ आहे, त्यात खोट काढायला जागा नाही. आपली पद्धतच अशी आहे की पुढे असणाऱ्याला एका मताचीही आघाडी पुरते.

तुपकर नसते तर ती सगळी मतं मशालीला गेली असती, असं मी म्हणत नाही. त्यांचे कित्येक मतदार दोन्ही शिवसेनांना कंटाळलेले होते आणि काही घरीच बसले असते. पण फरक २९ हजार ४७९ चा आहे. तुपकरांच्या मतांपैकी आठातलं एकच मत खेडेकरांना मिळून उरलेली कुठेच गेली नसती, तरी निकाल बदलला असता. केंद्रामागे हिशोब केला तर पंधराएक मतांचा प्रश्न होता. आणि उलट बाजूने पाहिलं तर खेडेकर थांबले असते, तर तुपकर सहज दिल्लीत गेले असते असंही मानायला जागा आहे.

एक तुलना इथे करावीशी वाटते. युरोपच्या उत्तरेला आइसलँड हा छोटा देश आहे. त्याची संसद अल्थिंग ही ९३० सालची, जगातल्या सर्वात जुन्या संसदांपैकी एक. ३० नोव्हेंबर २०२४ ला तिथे राष्ट्रीय निवडणूक झाली. ६३ जागा, आणि देशभरात मिळून मतं पडली सव्वादोन लाखांपेक्षा कमी. एका आख्ख्या देशाने आपली संसद निवडायला जेवढी मतं वापरली, त्यापेक्षा जास्त मतं बुलढाण्याने एकट्या तुपकरांना दिली. तिथे मतांच्या प्रमाणात जागा वाटतात. पाच टक्क्यांची अट असते, ती पार न करणाऱ्यांची मतं वाया जातातच आणि त्या वर्षी डाव्या हरित पक्षाची संसदेतून पूर्ण हकालपट्टी झाली. पण देशातल्या जवळपास चौथाई मतदारांनी ज्याला मत दिलं त्याचा एकही माणूस आत नाही, असं तिथे होऊच शकत नाही. बुलढाण्यात तुपकरांना पडलेल्या मतांपैकी साधारण साडेबावीस टक्के मिळाली. संसदेत त्यांचा आवाज शून्य.

आपण प्रमाणशीर पद्धत आणावी का, हा मोठा वाद आहे, तो आज मिटणार नाही. पण जोवर पद्धत ही आहे तोवर तिचे नियम माहीत असूनही त्याप्रमाणे न वागणं हा विरोधातल्या नेत्यांचा दोष आहे, पद्धतीचा नव्हे.

९ जून आणि त्यानंतर

९ जूनला प्रतापराव जाधवांनी राष्ट्रपती भवनात शपथ घेतली. आयुष मंत्रालयाचा स्वतंत्र कार्यभार आणि आरोग्य खात्याचं राज्यमंत्रिपद. पुढच्या महिन्यात स्वाभिमानी संघटना आणि तुपकर यांचे मार्ग वेगळे झाले. ज्या चळवळीने अडीच लाख मतं उभी केली ती निकालानंतर दोन महिन्यांच्या आत दुभंगली. मला या सगळ्यात सर्वात जास्त ही गोष्ट लागली.

नोव्हेंबरमध्ये विधानसभा झाली. मेहकरमध्ये ठाकरेंच्या पक्षाचे सिद्धार्थ खरात रायमूलकरांना हरवून आले. बुलढाण्यात संजय गायकवाड ९१ हजार ६६० मतं घेऊन ठाकरेंच्याच पक्षाच्या जयश्री शेळकेंपेक्षा फक्त ८४१ मतांनी पुढे राहिले. सोयाबीनचा हमीभाव त्या हंगामात ४ हजार ८९२ झाला होता आणि बाजारात शेतकऱ्याला तेवढे मिळत नव्हते.

पुढची लोकसभा २०२९ ला. माझी घाटावरच्या आणि घाटाखालच्या शेतकऱ्यांना, गावोगावच्या संघटनांच्या कार्यकर्त्यांना विनंती आहे. मतदानाची तारीख जाहीर होईल तेव्हा तिच्याबरोबर अर्ज मागे घ्यायची तारीखही येईल. त्या दिवशी दुपारी तीनच्या आत तुमच्या प्रश्नावर मतं मागणाऱ्या प्रत्येकाला एकत्र बसवा, आणि एकच नाव घेऊन बाहेर या असं सांगा. ते बसले नाहीत, तर सांगलीकरांसारखं आपसांत ठरवा आणि मगच केंद्रावर जा.